सोललेले लिंबू आणि मलिद्याचे ताट

२०२० साली इस्राएल आणि संयुक्त अरब अमिरात यांच्यात करार झाला आणि त्यानंतर आपल्यापैकी बरीच कुटुंबे दुबई-अबू धाबीची सहल करून आली. कोणी तेथे नोकरीस असलेल्या भावाबहिणींना भेटले, तर कोणी मुंबईच्या नातलगांना अर्ध्या वाटेवर गाठले. अबू धाबीच्या सादियात बेटावर २०२३ साली उघडलेले मोशे बेन मैमोन सिनेगॉग पाहून आल्याचे बहुतेकजण अभिमानाने सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच बेटावरचे लूव्र संग्रहालय पाहिलेत का, असे विचारले की उत्तर येते, "घुमट पाहिला, फोटो काढले."

घुमट पाहण्यासारखा आहे यात शंका नाही. ज्याँ नूवेल या फ्रेंच वास्तुशिल्पकाराने बांधलेला आणि १८० मीटर व्यासाचा हा जाळीदार घुमट २०१७ च्या नोव्हेंबरात लोकांसाठी खुला झाला. त्याच्या जाळीतून ऊन असे ठिबकते की कोकणातल्या माणसाला अंगणातला झावळ्यांचा मांडव आठवावा. आत निरनिराळ्या देशांच्या, पण एकाच काळातल्या वस्तू शेजारी शेजारी मांडण्याची तेथली रीत आहे. येमेनमध्ये १४९८ साली हाताने लिहिलेली तोरा या संग्रहात आहे, आणि कुराण व बायबल यांच्या जुन्या प्रतींच्या सोबतीने ती मांडलेली पाहून आपल्या माणसाचे पाऊल तेथे थबकल्याशिवाय राहत नाही.

आम्ही गेलो तेव्हा बरोबर एका स्नेह्यांची दोन मुले होती. धाकटा प्रत्येक वस्तूपुढे उभा राहून एकच प्रश्न विचारी, "ह्याचा अर्थ काय?" आई शेजारची पाटी वाचून अर्थ सांगे. अर्थ कळला की मुलगा पुढे पळे. वस्तूकडे त्याने क्षणभरही पाहिलेले नसे. आम्हांला हसू आले, पण घरी परतल्यावर वाटले की हा दोष त्या मुलाचा नव्हे. आपण मोठी माणसेसुद्धा असेच करतो, आणि केवळ संग्रहालयातच नव्हे, आपल्या घरातही करतो. त्याविषयीच आज लिहावयाचे आहे. त्यासाठी आम्ही चित्रकलेचा असा एक प्रकार निवडला आहे, ज्याच्यापुढे "अर्थ काय?" हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. तो प्रकार म्हणजे फ्लेमिश चित्रकारांचे स्थिरचित्र.

स्थिरचित्र हा शब्द आपल्याला परका नाही. ज्यांनी मुंबईच्या शाळांतून रेखाकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली, त्यांना तो पेपर आठवत असेल. टेबलावर एक फडके, त्यावर तांब्या, दोन कांदे, एक वांगे. आणि तांब्याची चकाकी काही केल्या कागदावर उतरत नसे. त्या वेळी मास्तर अर्थाबद्दल चकार शब्द काढीत नसत. ते म्हणत, "पोत दाखवा. तांबे तांब्यासारखे दिसू द्या, फडके फडक्यासारखे." ते वाक्य लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

हा प्रकार नावारूपास आला तो १६०० च्या आगेमागे, आजच्या बेल्जियममधील अँटवर्प या बंदराच्या शहरात आणि त्याच्या उत्तरेच्या हॉलंडमध्ये. १५८५ साली अँटवर्प स्पेनच्या सैन्याच्या हाती पडले आणि हजारो कुटुंबे घरदार सोडून उत्तरेकडे गेली. त्यांत चित्रकारही होते. म्हणून फ्लेमिश आणि डच स्थिरचित्रे ही एकाच घरातली दोन भावंडे समजावी. अँटवर्पजवळ जन्मलेला पीटर क्लास हार्लेमला जाऊन स्थायिक झाला, तर उत्रेख्तचा यान डे हेम उलट अँटवर्पला येऊन राहिला. माणसे इकडची तिकडे गेली, आणि त्यांच्याबरोबर ताटे, सुऱ्या, पेले आणि ते रंगवण्याची हातोटीही गेली.

या चित्रांत असते काय? अर्धे सोललेले लिंबू, त्याची साल टेबलाच्या कडेवरून वळसे घेत खाली लोंबलेली. कथिलाची ताटली, पातळ काचेचा पेला, द्राक्षांचा घड, कापलेला पाव, चिनी मातीचा निळा-पांढरा वाडगा. कालवे आणि शेवंडही पुष्कळ. म्हणजे ताटातले बरेच पदार्थ आपल्याला निषिद्धच! पण पाहण्यास बंदी नाही. माणसाचा चेहरा बहुधा नाहीच. कोणीतरी आत्ताच जेवता जेवता उठून गेले आहे, इतकेच कळते.

आता या वस्तूंचा एक कोशच तयार झालेला आहे. लिंबू म्हणजे दिसायला गोड पण चवीला आंबट असे जग. घड्याळ म्हणजे सरणारा वेळ. कवटी म्हणजे मृत्यू. पाव आणि द्राक्षे ख्रिस्ती मंडळींच्या प्रभुभोजनाची खूण. साबणाचा फुगा म्हणजे माणसाचे आयुष्य. कवटी-घड्याळाच्या चित्रांना तर 'व्हॅनिटास' असे नावच आहे. हा लॅटिन शब्द कोहेलेथ म्हणजे उपदेशकाच्या पुस्तकाच्या भाषांतरातून आलेला, त्यामुळे त्याचे मूळ आपल्याच घरात आहे.

हा कोश खोटा नाही. त्या काळी चित्र, बोधवाक्य आणि पद्य एकत्र छापलेली पुस्तके घरोघरी वाचली जात, आणि चित्रकारही ती वाचीत. एडी डी योंग या डच विद्वानाने हेच धरून अशा चित्रांतला उपदेश उलगडून दाखवला. १९७६ साली अॅम्स्टरडॅमला त्या विचाराचे मोठे प्रदर्शन भरले. पुढे १९८३ साली स्वेतलाना अल्पर्स या विदुषीने आपल्या ग्रंथात उलट बाजू मांडली. तिचे म्हणणे असे, की उत्तरेकडची ही चित्रकला उपदेश करीत नाही, ती वर्णन करते. डोळ्यांनी जग नीट पाहणे हेच तिचे ज्ञान. तेव्हापासून हा वाद चालू आहे.

आमचे मत विचाराल, तर आम्ही शाळेतल्या त्या मास्तरांच्या बाजूचे. प्रतीक हे पोतातूनच जन्माला येते. पोत काढून घेतला, तर हाती उरतो तो नुसता कोश, आणि कोश वाचून कोणाच्या अंगावर काटा येत नाही. पटत नसेल तर तीन चित्रे पाहू.

पहिले चित्र पीटर क्लासचे, १६२७ सालचे, अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधले. टर्की पक्ष्याचे पंख लावून सजवलेली मोठी कणकेची भाजणी, शिंपल्याचा पेला, सोललेले लिंबू, असा सगळा थाट आहे. पण आमची नजर खिळली ती एका कोपऱ्यात. तेथे कागदाची एक पुडी आहे आणि तिच्यातून मिरी सांडली आहे. तो कागद म्हणजे छापील पंचांगाचे फाडलेले पान! कोश म्हणेल, जुने पंचांग म्हणजे गेलेला काळ. बरोबर. परंतु ज्याने लहानपणी वाण्याकडून रद्दीच्या कागदात मिरीची पुडी आणली आहे, त्याला हा अर्थ पाटीवाचून कळतो. गेल्या वर्षीच्या तिथ्या आता मिरी बांधायला उपयोगी पडतात, एवढीच तिची किंमत! कागदाची घडी, शाईची अक्षरे आणि मिरीचा खरखरीत दाणा इतके खरे उतरले नसते, तर काळ सरल्याचे दुःखही खरे वाटले नसते. आणि ती मिरी कोठली? ती पूर्वेकडच्या समुद्रांतून जहाजांनी आलेली. तिबेरियाशी जिचे नाव आपण जोडतो त्या डोना ग्रासियाचा दीर दियोगो मेन्देस याने सोळाव्या शतकात अँटवर्पमध्ये मिरीचाच मोठा व्यापार केला, आणि ती स्वतःही काही वर्षे त्या शहरात राहिली होती.

दुसरे चित्र अँटवर्पशी निगडित असलेल्या क्लारा पीटर्स या स्त्री चित्रकाराचे, सुमारे १६१५ चे. ते आज हेग येथील माउरित्सहाउसमध्ये आहे. आकाराने वहीच्या दोन पानांएवढे. चीजचे मोठे तुकडे एकावर एक ठेवलेले, त्यांवर लोण्याच्या वळ्यांची बशी, बदाम, सुके अंजीर, गाठ मारलेले खारे पाव. चीजवर सुरी फिरल्याच्या रेघा दिसतात, लोण्याचा ओलसरपणा दिसतो. पुढे एक चांदीची सुरी आहे, लग्नात वधूला देतात त्या धर्तीची, आणि तिच्या कडेवर कोरलेले नाव आहे चित्रकर्तीचे स्वतःचे. मागच्या सुरईच्या कथिली झाकणाकडे नीट पाहिले तर त्यात इवलासा चेहरा चमकतो, तोही तिचाच. तिच्या आयुष्याची कागदपत्रे फार थोडी उरली आहेत. पण सुरीची कड आणि झाकणाची चकाकी यांनी तिला जपून ठेवले. चकाकी खोटी रंगवली असती, तर तिच्यात चेहरा बसलाच नसता! वस्तूशी प्रामाणिक राहिल्यामुळे माणूस शिल्लक राहिले. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१६ साली तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. एका स्त्री चित्रकारासाठी स्वतंत्र प्रदर्शन भरवण्याची त्या संग्रहालयाची ती पहिलीच वेळ होती.

तिसरे चित्र यान डे हेमचे, १६४० सालचे, पॅरिसच्या लूव्रमधले 'फराळाचे टेबल'. रुंदीला दोन मीटर. ते एके काळी चौदाव्या लुईच्या संग्रहात होते आणि १८९३ साली तरुण मातीसने त्याची नक्कल करून हात बसवला. यात द्राक्षे पाहावी. पिकल्या द्राक्षाच्या सालीवर एक पांढुरकी पूड असते, जी बोट लागताच पुसली जाते. ती रंगवणे सर्वांत कठीण. खाली गडद रंग, वर पारदर्शक थर, तो वाळू द्यावयाचा, आणि अगदी शेवटी निळसर पांढऱ्या रंगाचा कोरडा, विरळ हात. १६९२ साली विलेम ब्यूर्स या डच चित्रकाराने तर द्राक्षे कशी रंगवावी याची पाककृतीसारखी पायरीपायरीने कृतीच छापली.

येथे आम्हांला कोहेलेथचा तो मूळ शब्द आठवला. लॅटिन भाषांतरकाराने 'व्हॅनिटास' म्हणजे पोकळपणा, व्यर्थता असे लिहिले. पण हिब्रूत शब्द आहे 'हेवेल', आणि त्याचा साधा अर्थ वाफ, तोंडातून निघालेला श्वास. थंडीत काचेवर उमटतो आणि दिसेनासा होतो तो. व्यर्थ आणि क्षणिक यांत फरक आहे, वाचकहो! व्यर्थ वस्तू टाकून द्यावी. क्षणिक वस्तू जपून पाहावी. टेबलावर कवटी ठेवणाऱ्या चित्रकाराने लॅटिन वाचले. द्राक्षावरचा श्वासासारखा थर रंगवणाऱ्याने, स्वतःला ठाऊक नसता, हिब्रू वाचले, असे आम्ही म्हणतो. म्हणून कवटीच्या दहा चित्रांपेक्षा आम्हांला द्राक्षाचा एक घड अधिक खोल वाटतो.

पुन्हा अबू धाबीला येऊ, कारण श्वासाची गोष्ट तेथेही आहे. या चित्रांत दागिन्यांच्या पेटीतून मोत्यांचा सर लोंबताना पुष्कळदा दिसतो, आणि कोश सांगतो, मोती म्हणजे शुद्धता किंवा संपत्तीचा गर्व. त्या काळी युरोपात जाणाऱ्या मोत्यांचे एक मोठे आगर इराणचे आखात होते. गास्पारो बाल्बी या व्हेनिसच्या जवाहिऱ्याने १५८० च्या सुमाराच्या आपल्या प्रवासात तेथल्या मोत्यांच्या ठिकाणांची नावे टिपली, त्यांत दुबईचेही नाव आहे. अबू धाबीच्या मरावाह बेटावर सापडलेला सुमारे ८००० वर्षांपूर्वीचा मोती २०१९ साली याच लूव्रमध्ये मांडला होता. आता हा मोती येई कसा? पाणबुडा नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली जाई आणि एका श्वासात हाताला लागतील तितके शिंपले गोळा करी. पुढल्या काळात हे मोती विकायला मुंबईच्या बाजारात येत. १९३० च्या आसपास जपानच्या कृत्रिम पैदाशीच्या मोत्यांनी आणि जगभरच्या मंदीने तो धंदा बुडवला. आखाती माणसाला मोत्याचा अर्थ विचारा. तो शुद्धता सांगणार नाही, रोखून धरलेला श्वास सांगेल. तोही हेवेलच!

म्हणजे या चित्रांत दोष नाहीत असे नव्हे. अँटवर्पच्याच फ्रान्स स्नायडर्सचे भलेमोठे पट पाहा. हरणे, हंस, रानडुकराचे मुंडके, शेवंडी, फळांचे डोंगर. पोत रंगवण्यात त्याचा हात धरणारा विरळा. पण सगळेच इतके चकाकते की नजर कोठे ठरत नाही, आणि ते टेबल जेवणासाठी नसून पाहुण्यांना दिपवण्यासाठी आहे हे लपत नाही. पोत हाही बडेजाव होऊ शकतो. शिवाय ओसियास बेर्टसारख्याच्या ताटात साखरेची मिठाई किती पांढरीशुभ्र दिसते! त्या काळी ब्राझीलच्या मळ्यांत गुलामांनी साखर पिकवली, त्यांचे हात मात्र या चित्रांत दिसत नाहीत. वस्तूवर इतके प्रेम करणाऱ्यांनी ती बनवणाऱ्याकडे पाठ फिरवली, ही या कलेची मोठी उणीव आहे. वहीएवढ्या चित्रात स्वतःचे नाव आणि चेहरा ठेवणारी क्लारा म्हणूनच आम्हांला स्नायडर्सहून मोठी वाटते.

हॉलंड-अँटवर्पच्या टेबलांशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध असा. आपल्याही घरात एक स्थिरचित्र मांडले जाते. स्वच्छ घासलेले ताट. त्यात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, बदाम. भोवती फळे, खजूर, गुलाबाची फुले. एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होतो तेव्हा झाडाच्या फळाची बेराखा वेगळी, जमिनीतून आलेल्याची वेगळी, सुगंधाची वेगळी. म्हणजे आपल्या वाडवडिलांनीही वस्तू एकेक करून, तिची जात ओळखून, हातात घेऊन पाहावी अशीच शिस्त घालून दिली.

आता लोद, अश्दोद, दिमोना, लंडन, टोरांटो येथे वाढलेली आपली मुले विचारतात, "ह्याचा अर्थ काय?" आणि आपण त्या आईसारखी पाटी वाचून दाखवतो: मलिदा म्हणजे आपली ओळख, आपले कोकण, आपली परंपरा. उत्तर चुकीचे नाही. पण उत्तर ऐकून मुले पुढे पळतात. समारंभांतून, भाषणांतून, हल्ली मोबाइलवरच्या छायाचित्रांतून मलिद्याचे ताट हे समाजाचे चिन्ह म्हणून फिरते, आणि ज्या घरात ते चिन्ह भिंतीवर आहे त्या घरात नारळ खवायची विळी कित्येक वर्षांत बाहेर निघालेली नसते. अर्थ राहिला आणि वस्तू गेली, अशी ही गत. असा अर्थ एका पिढीपलीकडे टिकत नाही. त्यालाही मग पाटी लागते, आणि पाटी वाचण्यापुरती मराठीही पुढच्यांना येईलच असे नाही.

म्हणून आमचे सांगणे दोन ठिकाणांसाठी आहे. संग्रहालयात जाल तेव्हा, मग ते सादियातवरचे असो, पॅरिसचे असो की हेगचे, पाटी आधी वाचू नका. हातभर अंतरावर उभे राहा. लिंबाच्या सालीची आतली पांढरी बाजू पाहा, पेल्यात उमटलेली खिडकी शोधा. २०१९ साली अबू धाबीत डच चित्रांच्या प्रदर्शनात वर्मीरचे 'लेस विणणारी' हे वीतभर चित्र आले होते. त्यातल्या उशीतून बाहेर सांडलेले तांबडे धागे जवळून पाहिले तर नुसते रंगाचे ओघळ आहेत; दोन पावले मागे सरले की तेच धागे होतात. हे पाटीवर वाचून कळत नाही, पाऊल मागे घेऊनच कळते. पाटी त्यानंतर वाचा. तेव्हा ती अधिक बोलेल.

आणि घरी पुढच्या वेळी मलिदा कराल, तेव्हा मुलाने अर्थ विचारला तर लगेच सांगू नका. त्याच्या हातात नारळाची वाटी द्या आणि त्याला विळीपाशी बसवा. खोबरे कसे ओले लागते, करवंटीजवळ आले की खोबऱ्यात तपकिरी कसे मिसळू लागते, भिजलेले पोहे बोटांत कसे मऊ होतात, हे त्याला कळू द्या. वेलची त्याच्याकडूनच कुटून घ्या. ताट पुरे झाले की क्षणभर सर्वांनी त्याच्याकडे नुसते पाहावे, आणि मग बेराखा म्हणून ते खावे. स्नायडर्सच्या टेबलापेक्षा आपले ताट येथेच वरचढ आहे: ते संपवण्यासाठी मांडलेले असते. तोवर त्या मुलाचा प्रश्न बहुधा विसरला गेलेला असेल. नसेल विसरला, तर तेव्हा खुशाल उत्तर द्यावे.